ख्रिस्ती प्रीती

ख्रिस्ती प्रीती ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत नैतिक व आध्यात्मिक संकल्पना आहे. देवाने मनुष्यावर केलेली निरपेक्ष प्रीती मनुष्याने आपल्या शेजाऱ्याच्या बाबतीत आचरणात आणावी, असा या संकल्पनेचा आशय आहे. ही प्रीती केवळ भावनेच्या पातळीवर राहत नाही. परक्याचे स्वागत, गरजवंताची सेवा आणि खचलेल्यास उत्तेजन या तीन अंगांनी ती व्यवहारात प्रकट होते. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून शाळा, रुग्णालये, अनाथाश्रम, कुष्ठधामे आणि खाजगी कुटुंबे यांच्याद्वारे या संकल्पनेला प्रत्यक्ष रूप मिळाले. नागपूर हे या इतिहासातील एक महत्त्वाचे केंद्र होय. सेवा ही निरपेक्ष असावी की धर्मप्रसाराचे साधन, या प्रश्नावर झालेल्या वादांतही नागपूरचा वारंवार उल्लेख येतो.

संज्ञा आणि अर्थ

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत या प्रीतीसाठी प्रामुख्याने ‘अगापे’ हा शब्द योजिला आहे. ग्रीक भाषेत शृंगारिक प्रेमासाठी ‘एरोस’ आणि मैत्रीसाठी ‘फिलिया’ असे वेगळे शब्द आहेत. समोरची व्यक्ती आपल्याला आवडते की नाही, ती परतफेड करील की नाही, याचा विचार न करता तिचे हित इच्छिणे आणि त्यासाठी झीज सोसणे, असा ‘अगापे’चा अर्थ ख्रिस्ती परंपरेने मानला आहे. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘प्रीती’ हा शब्द रूढ झाला. मराठी ख्रिस्ती समाजाच्या उपासनेत, भजनांत व बोलण्यातही ‘प्रेम’ या शब्दाबरोबर ‘प्रीती’ हा शब्द विशेष अर्थाने वापरला जातो.

तिन्ही अंगांसाठीही नव्या करारात स्वतंत्र ग्रीक शब्द आढळतात. आतिथ्यासाठी ‘फिलोक्सेनिया’ हा शब्द असून त्याचा शब्दशः अर्थ ‘परक्यावरील प्रेम’ असा होतो. सेवेसाठी ‘डायाकोनिया’ हा शब्द आहे. चर्चमधील ‘डीकन’ हे पद त्यावरूनच आले. उत्तेजनासाठी ‘पाराक्लेसिस’ हा शब्द असून त्यात बोध, धीर आणि सांत्वन असे तिन्ही अर्थ सामावले आहेत.

धर्मग्रंथातील आधार

स्वागत

परक्याच्या स्वागताची कल्पना जुन्या करारापासून चालत आलेली आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेला अब्राहाम तीन अनोळखी वाटसरूंना पाहून धावत सामोरा जातो, त्यांना पाय धुण्यास पाणी देतो आणि जेवू घालतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात या प्रसंगाकडे निर्देश असून, आतिथ्य करताना काहींनी नकळत देवदूतांचे आतिथ्य केले, असे सुचविले आहे. इस्राएल लोक स्वतः मिसर देशात परके होते, म्हणून त्यांनी परक्यास छळू नये, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रातही आहे.

स्वागतात भेदभाव नसावा यावर याकोबाच्या पत्रात भर दिलेला आढळतो. सभेत सोन्याची अंगठी घातलेल्या धनिकास मानाची जागा देणे आणि मळके कपडे घातलेल्या गरिबास उभे ठेवणे, या वागणुकीचा तेथे स्पष्ट निषेध केला आहे. भारतातील चर्चच्या जातिविषयक चर्चेत हा उतारा विशेष महत्त्वाचा ठरला.

सेवा

सेवेचा आदर्श म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातील पाय धुण्याचा प्रसंग सांगितला जातो. अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. हे काम त्या काळी घरातील दासाचे समजले जाई. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी मनुष्याच्या दृष्टान्तात, वाटेवर जखमी पडलेल्या प्रवाशाला मदत करणारा हा त्याच्या धर्मातला किंवा जमातीतला नसून ज्यांच्याशी यहुदी लोक संबंध ठेवीत नसत अशांपैकी एक आहे. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे पूर्णपणे बदलून जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानात भुकेले, तान्हेले, परके, वस्त्रहीन, आजारी आणि तुरुंगातील माणसे यांची केलेली सेवा ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा मानली आहे.

सेवेत न्यायही असावा, हे प्रेषितांच्या कृत्यांतील एका घटनेवरून दिसते. यरुशलेमेच्या आद्य मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार आली. तेव्हा हे काम पाहण्यासाठी सात जणांची निवड करण्यात आली. चर्चच्या संघटित सेवाकार्याचा हा आरंभ समजला जातो.

उत्तेजन

उत्तेजनाचा नमुना म्हणून बर्णबाचे नाव घेतले जाते. त्याचे मूळ नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला दिलेल्या ‘बर्णबा’ या नावाचा अर्थ ‘बोधपुत्र’ किंवा ‘उत्तेजनाचा पुत्र’ असा सांगितला आहे. पूर्वी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलावर कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले. पुढे हाच शौल पौल या नावाने प्रसिद्ध झाला. प्रवासात अर्ध्यावर साथ सोडून गेलेल्या योहान मार्कालाही बर्णबाने दुसरी संधी दिली आणि त्यासाठी पौलाशी मतभेद पत्करला. यावरून ख्रिस्ती परंपरेत उत्तेजनाचा अर्थ केवळ गोड बोलणे असा राहिला नाही. ज्याच्यावर इतरांचा विश्वास नाही त्याच्या बाजूने उभे राहणे, असा तो झाला.

मराठी परंपरेशी नाते

मराठी भाषेतील ख्रिस्ती साहित्याचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध ग्रंथाने होतो. हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापला गेला. परकीय धर्मोपदेशकाने लोकांची भाषा आणि त्यांचा आवडता छंद आत्मसात करणे, याकडे अनेक अभ्यासक यजमानांच्या संस्कृतीविषयीचा आदर म्हणून पाहतात.

अतिथीला देव मानणे आणि दीनदुबळ्यांत देव पाहणे या कल्पना महाराष्ट्राला नव्या नव्हत्या. वारकरी संतांनी भूतदयेला भक्तीचे अंग मानले होते. त्यामुळे ख्रिस्ती प्रीतीची शिकवण मराठी मनाला पूर्णतः अनोळखी वाटली नाही. कवी नारायण वामन टिळक हे तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानीत. मात्र अन्नपाण्याचे व स्पर्शाचे जातिनियम पाळणाऱ्या समाजात, कोणाच्याही हातचे खाणे आणि कोणासही घरात घेणे हे ख्रिस्ती स्वागताचे स्वरूप क्रांतिकारक ठरले आणि त्यामुळे संघर्षही निर्माण झाला.

नागपूर आणि विदर्भ

स्टीफन हिस्लॉप

नागपुरातील संघटित ख्रिस्ती शिक्षणकार्याचा आरंभ रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून होतो. ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी जन्मलेले हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस पोहोचले आणि १८४५ मध्ये नागपूरला आले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. जवळच्या कामठीला इंग्रजांची लष्करी छावणी होती. १८४६ मध्ये त्यांनी नागपूर शहरात शाळा सुरू केली. या शाळेत आधुनिक विषयांबरोबर बायबलचेही शिक्षण दिले जाई.

हिस्लॉप यांच्या कार्याचे वैशिष्ट्य म्हणजे स्थानिक माणसे, त्यांची भाषा आणि त्यांची भूमी यांविषयीचे त्यांचे कुतूहल. त्यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्मांचा अभ्यास केला. ‘हिस्लोपाइट’ या खनिजाला त्यांच्यावरून नाव मिळाले. गोंड लोकांच्या लिंगोविषयक मौखिक गीताचे त्यांनी केलेले संकलन विशेष मोलाचे मानले जाते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांची पाहणी करून परतत असता बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी मागे ठेवलेली आदिवासी जमातींविषयीची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये त्यांच्या नावाने हिस्लॉप महाविद्यालय सुरू झाले. विदर्भातील उच्च शिक्षणाच्या आद्य संस्थांमध्ये त्याची गणना होते.

वैद्यकीय सेवा

एकोणिसाव्या शतकात पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास तयार नसत आणि त्यामुळे त्या बहुधा उपचारांविनाच राहत. ही अडचण ओळखून अनेक मिशनांनी स्त्री-डॉक्टर आणि परिचारिका पाठविण्यास सुरुवात केली. नागपुरात स्कॉटिश मिशनने याच हेतूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्यूर मेमोरियल रुग्णालय उभारले. स्त्रिया व मुले यांची शुश्रूषा हे या रुग्णालयाचे मूळ कार्य होते.

अशा रुग्णालयांमुळे परिचर्या या व्यवसायाकडे पाहण्याची दृष्टीही हळूहळू बदलली. रक्त, मलमूत्र व प्रेत यांचा स्पर्श विटाळाचा मानला जात असल्यामुळे उच्चवर्णीय कुटुंबांतील मुली या कामापासून दूर राहत. मिशन रुग्णालयांत प्रारंभी शिकलेल्या परिचारिकांपैकी अनेकजणी म्हणूनच भारतीय ख्रिस्ती समाजातून आलेल्या होत्या.

वर्धा आणि कुमारप्पा

अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीतून चालविले. गूळ, हातकागद, तेलघाणी यांसारखे उद्योग टिकवून खेड्यातील माणसाच्या हाताला काम देणे, हीच त्यांच्या दृष्टीने शेजारधर्माची खरी आज्ञा होती. येशूच्या शिकवणुकीचा आर्थिक व्यवहाराशी असलेला संबंध त्यांनी आपल्या लेखनातून मांडला. त्यांच्या सेवेत धर्मप्रसाराचा उद्देश नव्हता.

महाराष्ट्रातील अन्य उदाहरणे

पंडिता रमाबाई आणि मुक्ती मिशन

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा व निराधार स्त्रियांसाठी शारदा सदन ही संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी ही संस्था पुण्यास हलविण्यात आली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता. तरीही शारदा सदन ही धर्मनिरपेक्ष शिक्षणसंस्था राहील आणि तेथील विद्यार्थिनींना आपापले आचार पाळण्याची मुभा असेल, असे ठरले होते. गोदूबाई जोशी या येथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई अथवा बाया कर्वे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रयासाठी आणले. त्यांनी स्वतः तरुणपणी दुष्काळात आईवडील व बहीण गमावली होती आणि उपाशीपोटी देशभर पायी प्रवास केला होता. त्यामुळे या मुलींकडे त्या परोपकाराच्या भावनेपेक्षा आपल्याच दुःखाच्या वाटेकरी म्हणून पाहत. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ २,००० जणी राहत होत्या.

मुक्ती मिशनमध्ये आश्रयाबरोबर कामही होते. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय आणि छपाई यांचे शिक्षण दिले जाई. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन असे स्वतंत्र विभाग होते. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. ज्यांना अक्षरओळखही नव्हती त्यांनी खिळे जुळवून ग्रंथ छापावा, हे उत्तेजनाचे फलित म्हणून उल्लेखिले जाते.

टिळक दांपत्य

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे घर हे मराठी साहित्यातील ख्रिस्ती आतिथ्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. टिळकांचे काही काळ नागपुरात वास्तव्य होते. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथसंपादनाचे काम केले. राजनांदगावकडे रेल्वेने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला आणि तेथून त्यांच्या धर्मांतराची वाटचाल सुरू झाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेमुळे पती-पत्नींची अनेक वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे आल्या. आरंभी त्या आपले सोवळेओवळे सांभाळून वेगळा स्वयंपाक करीत; टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. माणसामाणसांतील जातिभेद ईश्वराने केलेला नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सर्व प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितला आहे. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले.

टिळकांच्या घरात अनाथ मुले, विद्यार्थी, कवी आणि वाटसरू यांचा सतत राबता असे. टिळक हाती येईल ते देऊन टाकीत आणि पूर्वसूचना न देता पाहुणे घरी आणीत. घरातील शिधा, पैसा आणि श्रम यांचा मेळ घालण्याचे काम मात्र लक्ष्मीबाईंना करावे लागे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आतिथ्याची ही दुसरी बाजू स्पष्ट होते. स्वागत करणाऱ्याचे नाव होते. पण त्याचा भार बहुधा घरातील स्त्री वाहते. लक्ष्मीबाईंनी ही तक्रार विनोदाच्या अंगाने नोंदविली, परंतु साथीच्या रोगांत आजाऱ्यांजवळ बसण्याची वेळ आली तेव्हा त्या स्वतःहून पुढे झाल्या.

बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) हे काही काळ टिळकांच्या घरी राहिले. टिळकांनी त्यांच्यातील प्रतिभा ओळखून त्यांना आधार दिला. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळक दांपत्याच्या स्नेहात त्यामुळे काही उणे आले नाही. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत बालकवींचे चित्र घरातल्या हट्टी, लाडक्या मुलाप्रमाणे उमटले आहे. स्वतः लक्ष्मीबाईंचे उदाहरणही याच प्रकारचे आहे. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंना टिळकांनी लिहावाचायला शिकविले. टिळकांच्या निधनाने अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत. चर्चच्या औपचारिक सदस्यत्वापेक्षा प्रीतीचे बंधन मोठे मानणारा हा प्रयोग होता. दोन वर्षांतच टिळकांचे निधन झाल्याने तो फारसा वाढला नाही.

मिरज

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियांसाठी हे रुग्णालय दूरवर प्रसिद्ध झाले आणि मिरज शहराला वैद्यकीय केंद्र म्हणून लाभलेल्या कीर्तीचा पाया त्यामुळे घातला गेला. रुग्णसेवेबरोबर स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देणे हे या संस्थेचे वैशिष्ट्य होते. कुष्ठरोगी आणि क्षयरोगी यांच्यासाठीही तेथील मिशनने कार्य केले.

वाद आणि टीका

सेवा आणि धर्मांतर

ख्रिस्ती सेवाकार्यावरील सर्वांत प्रमुख आक्षेप असा की, अन्न, औषध आणि शिक्षण यांचा उपयोग धर्मांतराचे आमिष म्हणून केला जातो. उलट, आपल्याला जे सर्वांत मोलाचे वाटते ते दुसऱ्यास सांगणे हाही प्रीतीचाच भाग आहे, अशी अनेक ख्रिस्ती विचारवंतांची भूमिका आहे. प्रीती ‘निरपेक्ष’ म्हटल्यावर तिला धर्मांतराची अपेक्षा चालेल काय, हा या वादाचा गाभा होय.

या वादाचे पहिले मोठे प्रकरण शारदा सदनाचे होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि ज्या मुलींना यावेसे वाटे त्यांना मज्जाव करीत नसत. समर्थकांच्या मते हे मुलींच्या स्वातंत्र्याला धरून होते. टीकाकारांच्या मते आश्रित व अल्पवयीन मुलींच्या बाबतीत उघडे दार हेच आमंत्रण ठरत होते. ‘केसरी’ने यावर कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्थेच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. त्यानंतरही संस्था टिकून राहिली. केडगावचे मुक्ती मिशन मात्र प्रारंभापासूनच उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालले.

एल्विन यांचा प्रयोग

हाच प्रश्न चर्चच्या आतही उपस्थित झाला. जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. पुढे त्याचे केंद्र पुण्यात होते. आश्रमीय साधेपणा, खादी आणि भारतीय व युरोपीय सदस्यांचे समान सहजीवन हे संघाचे विशेष होते. १९२७ मध्ये या संघात आलेले व्हेरियर एल्विन (१९०२–१९६४) गांधीजींच्या प्रभावाखाली आले. १९३२ मध्ये एल्विन आणि त्यांचे मराठी ख्रिस्ती सहकारी शामराव हिवाळे यांनी मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये कार्य सुरू केले. शाळा, दवाखाना आणि कुष्ठरोग्यांसाठी निवारा असे त्याचे स्वरूप होते. त्यातून गोंड सेवा मंडळ उभे राहिले.

गोंडांना ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न करावयाचा नाही, अशी एल्विन यांची भूमिका होती. हा प्रदेश नागपूरच्या अँग्लिकन धर्मप्रांतात येत असे. नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांना धर्मप्रसार वगळून केलेले असे कार्य मान्य नव्हते. या मतभेदातून एल्विन यांचा चर्चशी दुरावा वाढत गेला आणि १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडले. आदिवासींमध्ये जाऊन राहण्याचे आणि त्यांच्या सेवेचे व्रत मात्र त्यांनी सोडले नाही.

नियोगी समिती

स्वातंत्र्यानंतर नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती. मिशनरी कार्याविषयी आलेल्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्ती विचारवंत या समितीचे एक सदस्य होते. १९५६ मध्ये समितीने आपला अहवाल सादर केला. शाळा, रुग्णालये व अनाथालये यांचा उपयोग धर्मांतरासाठी केला जातो, असा निष्कर्ष काढून समितीने त्यावर निर्बंध घालण्याची शिफारस केली. ख्रिस्ती संघटनांनी हा अहवाल एकतर्फी असल्याचे सांगून त्याला विरोध केला.

पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशात बळ, प्रलोभन अथवा फसवणूक यांद्वारे होणाऱ्या धर्मांतरास बंदी करणारा कायदा झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

जात आणि समता

दुसरी टीका समतेच्या दृष्टीने झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरितांची स्थिती या विषयांवर लिहिताना, मिशनांनी शिक्षण व आरोग्य या क्षेत्रांत केलेल्या कार्याची दखल घेतली; परंतु धर्मांतरानंतरही जातिभेद शिल्लक राहिल्याकडे आणि धर्मांतरित अस्पृश्यांच्या अन्यायाविरुद्ध भारतीय ख्रिस्ती समाज संघटितपणे उभा न राहिल्याकडे लक्ष वेधले. १९८० च्या दशकात मराठी धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी दलित धर्मशास्त्राची मांडणी केली. प्रीतीची भाषा बोलणाऱ्या मंडळीत बसण्याची जागा, विवाहसंबंध आणि नेतृत्व यांत भेद राहत असेल तर ती प्रीती अपुरी आहे, हा या विचारप्रवाहाचा आग्रह आहे.

परोपकारातील वरचढपणा

तिसरा आक्षेप देणारा आणि घेणारा यांच्या नात्याविषयीचा आहे. सेवा करणारा नेहमी देणाराच राहिला, तर घेणारा कायमचा मिंधा होतो. वासाहतिक काळात परदेशी मिशनरी व भारतीय ख्रिस्ती कार्यकर्ते यांच्या संबंधांतही ही विषमता होती. रमाबाईंनी आपल्या इंग्लिश धर्मगुरुभगिनींशी केलेल्या पत्रव्यवहारात स्वतःच्या विवेकाने विचार करण्याचा हक्क सोडला नाही; टिळकांनीही भारतीय चर्चने परकीय मदतीवर अवलंबून राहू नये असा आग्रह धरला. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तात मदत ‘परक्या’कडून येते, यावर म्हणूनच अनेक भाष्यकार भर देतात. प्रीतीत देण्याइतकेच घेता येणेही आवश्यक असते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

सद्यःस्थिती

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांचे एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. पूर्वी वेगवेगळ्या मिशनांकडे असलेल्या अनेक शाळा व रुग्णालये या संयुक्त चर्चच्या व्यवस्थेखाली आली. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या भारतातील प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चच्या समन्वय संस्थेचे मुख्यालयही नागपुरात आहे. कॅथॉलिक चर्चचा नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याच्या शाळा, महाविद्यालये व सेवासंस्था विदर्भात कार्यरत आहेत.

सरकारी आणि खाजगी आरोग्यसेवेचा विस्तार झाल्याने मिशन रुग्णालयांचे पूर्वीचे महत्त्व कमी झाले. परदेशातून येणारी मदतही घटली. त्यामुळे मोठ्या संस्था चालविण्यापेक्षा स्थानिक मंडळीने आपल्या परिसरात करावयाच्या कार्याकडे अधिक लक्ष दिले जाते. आजाऱ्यांना भेटणे, शोकग्रस्त घरी जेवण पोहोचविणे, नव्याने आलेल्या कुटुंबाला आधार देणे, विद्यार्थ्यांना शिकवणे, एकट्या वृद्धांची विचारपूस करणे, ही त्याची नेहमीची रूपे होत. नाताळच्या काळात शेजाऱ्यांना घरी बोलावून फराळ देण्याची पद्धतही मराठी ख्रिस्ती कुटुंबांत रूढ आहे. त्यात करंजी, चकली, अनारसे यांसारखे महाराष्ट्रीय पदार्थ असतात.

हे सुद्धा पहा

पंडिता रमाबाई
नारायण वामन टिळक
लक्ष्मीबाई टिळक
स्मृतिचित्रे
स्टीफन हिस्लॉप
हिस्लॉप महाविद्यालय
व्हेरियर एल्विन
जे. सी. कुमारप्पा
चर्च ऑफ नॉर्थ इंडिया